मिस व्हर्डेलची पट्टी

"ही मेथी आधी बाहेर काढ," मी श्रीकांतला म्हणाले. "मला उद्या संध्याकाळपर्यंत डिहायड्रेटर लागणार आहे."

श्रीकांत माझा नवरा. रिटायर झाल्यापासून त्याने शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या बॅकयार्डचं शेत केलं आहे. उन्हाळ्यात एवढी मेथी येते की शेजारीपाजारी आम्हाला बघून गॅरेजचं दार लावून घेतात. उरलेली तो वाळवतो. त्यासाठी त्याने ट्रेवाला, पंखावाला मोठा डिहायड्रेटर घेतला आणि त्याच्यावर त्याचा इतका जीव आहे की मला ट्रेसुद्धा धुवू देत नाही. तेव्हा अर्धवट वाळलेली मेथी मी बाहेर काढायला सांगते म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

"परत टेप?" त्याने विचारलं.

"परत टेप. आणि या वेळी एकच प्रत आहे. बिघडली तर संपलं."

आता हे काय प्रकरण, ते सांगते. मी मूळची नागपूरची. नोकरीची सगळी वर्षं फोनच्या धंद्यात काढली. बोलणाऱ्याचा आवाज कमीत कमी जागेत बसवून पलीकडे नीट कसा पोचवायचा, हे माझं काम. एका मोठ्या लेऑफमध्ये मला वेळेआधीच मोकळं केलं, तेव्हा मी बेसमेंटमध्ये एक जुनं टेप मशीन आणून ठेवलं आणि जुन्या टेपांवरचं संगीत उतरवून स्वच्छ करायला लागले. याला ट्रान्सफर आणि रिस्टोरेशन म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणजे रिइश्यू काढणाऱ्या छोट्या रेकॉर्ड कंपन्या, इकडे त्यांना लेबल म्हणतात. रिइश्यू म्हणजे बाजारातून कधीच गायब झालेली रेकॉर्ड नव्याने काढायची. इकडे तरुण पोरं पुन्हा काळ्या तबकड्यांच्या मागे लागली आहेत, त्यामुळे जुन्या जॅझ आणि सोल अल्बमना सध्या बरे दिवस आहेत आणि पर्यायाने मलाही.

आणि डिहायड्रेटर का? टेप म्हणजे प्लॅस्टिकची लांबलचक फीत. तिच्यावर चुंबकीय पावडरचा थर असतो आणि तो एका प्रकारच्या गोंदाने धरून ठेवलेला असतो. सत्तरच्या दशकात आलेल्या बऱ्याच टेपांचा गोंद हवेतला ओलावा पितो आणि चिकट होतो. अशी टेप थेट मशीनवर चढवली तर ती कुईकुई ओरडते आणि थर खरवडून निघतो. म्हणजे गाणं ऐकू येण्याऐवजी मशीनवर तपकिरी काजळी होऊन साठतं. उपाय एकच, टेप मंद आचेवर भाजायची. तिला बेकिंग म्हणतात. खरं तर भाजणं नव्हे, सुकवणंच. मेथीला लागते त्याहून थोडी जास्त ऊब, बराच वेळ. मग ओलावा निघून जातो आणि काही आठवडे टेप शहाण्यासारखी वाजते. मोठ्या स्टुडिओंकडे यासाठी लॅबमधली महागडी ओव्हन असतात. आमच्यासारखे लोक डिहायड्रेटर वापरतात. हे धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, पण गिऱ्हाइकाला कोणी आपणहून सांगत नाही.

ही टेप मला डॅनने दिली होती. डॅन म्हणजे शिकागोतल्या एका छोट्या रिइश्यू लेबलचा मालक, मॅनेजर, हमाल, सगळंच. डोक्यावर कायम लोकरी टोपी, ऑगस्टमध्येसुद्धा. व्हर्डेल नावाच्या शिकागोच्या गायिकेचा एकमेव अल्बम त्याला काढायचा होता. सोल आणि जॅझ यांच्या मधोमध बसणारं संगीत, मागे छोटा बँड: पियानो, बास, ड्रम्स आणि दोन हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायची वाद्यं, ट्रंपेट आणि टेनर सॅक्सोफोन. त्या काळी तो अल्बम फारसा कोणी ऐकला नाही. आता कलेक्टर मंडळी, म्हणजे जुन्या रेकॉर्ड जमवणारे, त्याच्यासाठी जीव टाकतात. बँडमधला बासवाला वारला, त्याच्या बायकोला गॅरेज आवरताना मास्टर टेपचा डबा सापडला आणि तिने तो डॅनला दिला. मास्टर टेप म्हणजे जिच्यावरून रेकॉर्ड बनते ती टेप.

व्हर्डेलबाई हयात होत्या. ऐंशी ओलांडलेल्या. अल्बम पडल्यावर त्यांनी गाणं सोडलं आणि रिटायर होईपर्यंत शिकागोत सिटी बस चालवली. अल्बम नव्याने काढायला त्यांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. रेकॉर्ड छापायला जाण्याआधी त्या ऐकणार आणि त्यांना पटली तरच त्यांचं नाव लागणार.

"त्यांचं म्हणणं आहे की रेकॉर्डवरचा आवाज त्यांचा नाही," डॅनने मला टेप देताना सांगितलं होतं. "कोणीतरी स्पीड वाढवला म्हणतात. घरात स्वतःची रेकॉर्ड ठेवलेली नाही त्यांनी. नील, तू फक्त स्पीड चेक कर."

माझं नाव नीलिमा. डॅनच्या तोंडात त्याचं पहिल्या दिवशी नील झालं आणि तसंच राहिलं.

टेप मस्त सुकली. बाहेर काढली तेव्हा बेसमेंटभर मेथीचा वास सुटला, कारण ट्रे कितीही पुसले तरी श्रीकांतच्या मेथीचा वास त्यातून जात नाही. मी टेप मशीनवर चढवली. कुरकुर नाही, काजळी नाही. पहिल्या गाण्यात पियानो आला, मागून ड्रम्सवर ब्रश फिरला आणि मग एक बाई गायला लागली. इतका लाघवी, हसरा आवाज, की मी हातातलं काम सोडून बसून राहिले. त्या दिवशी मला या धंद्यात आल्याचं खरोखर सुख वाटलं.

मग स्पीड तपासला. त्याची एक सोपी युक्ती आहे. अमेरिकेतली वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावे खाते. आपल्याकडे भारतात पन्नास. स्टुडिओत कितीही काळजी घ्या, या विजेची बारीकशी गुणगुण टेपवर उतरतेच. तिला हम म्हणतात. एरवी हम म्हणजे कटकट. पण स्पीड तपासायला तिच्यासारखी साक्ष नाही. टेप योग्य वेगाने वाजत असेल तर हम बरोबर साठवर दिसणार. टेप वेगात पळत असेल तर साठच्या वर. मी कॉम्प्युटरवर पाहिलं. हम साठवर होती, केसभरही इकडेतिकडे नाही. जुनी रेकॉर्ड शेजारी लावून पाहिली. तीही टेपशी तंतोतंत जुळली.

मी डॅनला रिपोर्ट पाठवला. स्पीड बरोबर आहे, टेप उत्तम आहे, अभिनंदन.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तो फाइल घेऊन मिस व्हर्डेलकडे गेला होता. पहिली ओळ ऐकून त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, पुन्हा तीच चिमुरडी. डॅनने माझा रिपोर्ट दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी घालून त्याला परत दिला आणि कॉफी हवी का विचारलं.

डॅन रडकुंडीला आला होता. प्रेसिंग प्लँटचा, म्हणजे तबकड्या छापणाऱ्या कारखान्याचा नंबर मोठ्या मिनतवारीने लागला होता. तो चुकला तर पुढचा कधी लागेल सांगता येत नव्हतं. "तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला. "तू इंजिनीयर आहेस. त्यांना समजावून सांग. आठवणीत घोळ होतो गं या वयात, पण मी कसं म्हणू?"

मला ते पटलं होतं हे कबूल करायला हवं. माझ्याकडे आलेख होता, आणि आलेख असला की आम्हा इंजिनीयर लोकांना जरा जोर येतो. मी लॅपटॉप घेतला, दोन चांगले स्पीकर घेतले, टेपचा डबा घेतला आणि रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून शंकरपाळ्यांचा डबाही घेतला.

शिकागोच्या साउथ साइडला विटांचं छोटं घर. दार उघडलं ते उंच, ताठ कण्याच्या, जांभळा ड्रेस घातलेल्या बाईंनी. डॅनने वाटेत बजावलं होतं की त्यांना मानाने मिस व्हर्डेल म्हणायचं, लग्न झालेलं असलं तरी मिसच, नुसतं व्हर्डेल नाही. मला ते सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे एवढ्या वयाच्या बाईला कोणी नुसत्या नावाने हाक मारली असती तर काकू म्हणायला काय होतं म्हणून पाठीत धपाटा बसला असता.

त्यांनी माझं नाव विचारलं. डॅनने नील म्हणून सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, तुझ्या आईने काय ठेवलंय ते सांग. मी सांगितल्यावर त्यांनी दोनदा घोळवून घोळवून म्हटलं आणि नंतर दिवसभर मिस नीलिमा म्हणून बोलावलं. मला आयुष्यभर लोक व्हर्नेल म्हणत आले, म्हणून मी दुसऱ्यांची नावं नीट म्हणते, असं कारण त्यांनी दिलं.

मग मी लॅपटॉप उघडून त्यांना हमचं शास्त्र समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मधे दोन नेमके प्रश्न विचारले. साठचा आकडा पाहिला. मान डोलावली.

"तुझं मशीन खोटं बोलतंय असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण एक सांगू? माझं सोड. माझा आवाज होता तसा होता, नव्हता तर नव्हता. क्लाइडचं काय केलं त्यांनी?"

क्लाइड म्हणजे त्यांचे पती. बँडमधला टेनर सॅक्सोफोन त्यांचा. रेकॉर्डिंगच्या वेळी लग्न व्हायचं होतं, अल्बम आला तेव्हा झालं होतं. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. पुढे त्यांनीही वाजवणं सोडलं होतं आणि त्यांच्या वाजवण्याची दुसरी एकही खूण कुठे उरली नव्हती, एवढी एक रेकॉर्ड सोडून.

"क्लाइडचा टेनर म्हणजे गरम ब्लँकेट होतं," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "यांनी त्याचं खेळणं केलं. माझ्या नातवंडांना मी सांगते आजोबा कसे वाजवायचे, ती रेकॉर्ड लावतात आणि माझ्याकडे बघतात. बिचारी काही बोलत नाहीत."

त्या सहज म्हणाव्यात तशा म्हणाल्या. मला मात्र हातातला आलेख कुठे ठेवू असं झालं.

डॅनने खाकरून सांगितलं की वयाप्रमाणे आवाज खाली जातो, त्यामुळे तरुणपणचा आवाज ऐकला की तो परका वाटू शकतो. त्या त्याच्याकडे बघून हसल्या. मग मला विचारलं, "तुझ्या मशीनच्या मते पहिलं गाणं कुठल्या सुरात आहे?"

"ई," मी म्हणाले.

मिस व्हर्डेल हसायला लागल्या. आधी नुसत्या गालात, मग खुर्चीचा हात धरून. डोळे पुसले.

"बेबी," त्या म्हणाल्या, "मी ते ई-फ्लॅटमध्ये गायले. बँडमध्ये दोन हॉर्न होते. त्यांना ई मध्ये वाजवायला सांगितलं असतं तर ट्रंपेटवाला आलाच नसता आणि क्लाइडने माझ्याशी लग्न केलं नसतं."

डॅनने तोंड उघडलं. गिटारवाल्यांना ई आवडतो, एवढंच म्हणू शकला.

"गिटार कुठे होती आमच्यात?" त्या म्हणाल्या.

इथे माझी चूक सांगायला हवी, कारण ती चूक इकडचा कुठलाही शाळकरी बँडवाला करणार नाही. आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी असते. गळा जिथे रमतो तो सूर म्हणजे पट्टी, आणि पेटीवाल्याने निमूट तिथे जायचं. मी महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत पेटी वाजवते आणि श्रीकांत भावगीतं म्हणतो. घसा बरा असला तर पांढरी तीन, दिवाळीचा फराळ जास्त झाला असेल तर काळी दोन. पेटीवर एक पट्टी इकडची तिकडे करायला काही पडत नाही. पांढरी तीन म्हणजेच यांचा ई, आणि काळी दोन म्हणजे ई-फ्लॅट. त्यामुळे गाणं ई मध्ये आहे हे मी पहिल्याच दिवशी ऐकलं होतं, कागदावर लिहिलंसुद्धा होतं, आणि मनात म्हटलं होतं, असेल बाईंची पट्टी. पण ट्रंपेट आणि सॅक्सोफोन पेटीसारखे गरीब नसतात. त्यांच्या घडणीमुळे काही सूर त्यांना सोपे जातात, काही बोटांना शिक्षा असतात. ई-फ्लॅट म्हणजे त्यांचं माहेर. ई मध्ये एखादा गातो म्हणून दोन हॉर्नवाले अल्बमभर निमूट वाजवत बसतील हे कोणालाही पटलं नसतं. मला पटलं होतं.

मी लॅपटॉप बंद केला आणि त्यांना म्हटलं, मला टेप पुन्हा ऐकावी लागेल.

"ऐक की," त्या म्हणाल्या. "आणि हा खाऊचा डबा इथेच ठेव. काय आहेत हे?"

शंकरपाळ्यांचा डबा ठेवून आम्ही निघालो. गाडीत डॅन म्हणाला की हॉर्नचं ठीक आहे, पण साठचं काय? हम साठवर आहे हे तूच दाखवलंस. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटत होत्या आणि दोन्ही एकत्र खऱ्या असू शकत नव्हत्या.

घरी आल्यावर मी मूळ ट्रान्सफर काढली, स्वच्छ करायच्या आधीची. कारण मला एक गोष्ट आठवली होती. पहिल्यांदा ऐकताना शांत जागांमध्ये एक बारीक धडधड होती, वंव वंव वंव अशी. जुन्या टेपांना असले रोग असतात म्हणून मी ती सरळ काढून टाकली होती. आता ती जवळून ऐकली. अशी धडधड कशाने होते हे फोनच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. दोन आवाज जवळपास एकाच सुरात, पण अगदी एकाच नाही, असे एकदम वाजले की ते एकमेकांत धडधडतात. आपल्या घरात मिक्सर चालू असताना भिंतीपलीकडच्या घरातही चालू झाला की कानाला जसं होतं तसं.

म्हणजे हम एक नव्हती, दोन होत्या.

मी आलेख मोठा केला. साठवर एक जाडजूड रेघ. तिच्या सावलीत, साडेत्रेसष्टच्या जवळ, एक अगदी फिकट दुसरी. पहिल्या दिवशी मला साठ हवी होती, साठ दिसली, आणि मी पुढे पाहिलंच नव्हतं.

मग सगळा उलगडा झाला. ही टेप मूळ रेकॉर्डिंगची नव्हतीच. कॉपी होती. त्या वेळी कोणीतरी मूळ टेप वेग वाढवून चालवली, आवाज तरणा आणि गाणं चटपटीत व्हावं म्हणून, आणि तशीच दुसऱ्या मशीनवर उतरवून घेतली. त्या दुसऱ्या मशीनने कॉपी करताना आपली स्वतःची साठची हम वर टाकली. ती ठळक होती आणि खरी होती, पण ती कॉपीच्या दिवसाची होती. मूळ रेकॉर्डिंगच्या दिवसाची हम खाली दबली होती, आणि गाण्याबरोबर तिचाही वेग वाढून ती साडेत्रेसष्टला गेली होती. रेकॉर्ड याच कॉपीवरून निघाली, म्हणून रेकॉर्ड आणि टेप जुळत होत्या. दोघींचं एकमत होतं आणि दोघी चुकीच्या होत्या.

मी फिकट रेघ खाली साठवर आणली. त्याबरोबर सगळं गाणं खाली आलं. बरोबर एक पट्टी.

तेवढ्यात श्रीकांत मेथीचा ट्रे घेऊन खाली आला. ताजी मेथी डिहायड्रेटरमध्ये लावायला आला होता. चौथ्या गाण्यातला सॅक्सोफोनचा तुकडा चालू होता. तो जिन्यातच उभा राहिला.

"हा दुसरा कोण वाजवतोय?" त्याने विचारलं.

"दुसरा कोणी नाही. तोच आहे."

"छे. तो आधीचा बारक्या होता. हा भरदार आहे." ट्रे हातात धरूनच तो खालच्या पायरीवर बसला. तुकडा संपला. मग म्हणाला, "परत लाव."

मी डॅनला फोन केला. तो आधी खूश झाला, मग घाबरला. त्याचं म्हणणं, कलेक्टर लोकांनी हा अल्बम इतकी वर्षं त्या वेगात ऐकलाय, त्यांना प्रत्येक खरखर पाठ आहे. आता हा हळू वाटणार. रिव्ह्यूमध्ये मुडदा पाडतील. त्याने विचारलं की जुना वेग ठेवून वर मिस व्हर्डेलसाठी वेगळी एक सीडी करून दिली तर? मी म्हटलं, अट त्यांची आहे, तूच विचार. तो प्रश्न त्यांना विचारायची त्याची छाती झाली नाही. तो चांगला माणूस आहे, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आम्ही पुन्हा गेलो. या वेळी त्यांच्या घरात गर्दी होती. मुलगी होती, दोन नातवंडं होती, पलीकडच्या घरातल्या एक मैत्रीण होत्या. शंकरपाळ्यांचा डबा धुवून ठेवला होता आणि त्यात पाउंड केकचे तुकडे भरले होते. रिकामा डबा परत करायचा नाही हे त्यांनाही कोणीतरी शिकवलं असणार. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

मी पहिलं गाणं लावलं नाही. सरळ चौथं लावलं. त्यात त्यांचा एक अंतरा आहे आणि मग क्लाइडचा तुकडा.

मिस व्हर्डेल डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी एक भुवई वर केली, ओळखीचं माणूस फार दिवसांनी दारात दिसावं तशी. मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अंतरा संपला. आणि सॅक्सोफोन सुरू व्हायच्या आधी क्लाइडने घेतलेला श्वास ऐकू आला. जुन्या वेगात तो नुसता एक फुसकारा वाटायचा, खरखर समजून मी तोही काढून टाकणार होते. आता तो एका मोठ्या, निवांत माणसाने छाती भरून घेतलेला श्वास होता.

"आलास का," मिस व्हर्डेल हळूच म्हणाल्या.

मग टेनर सुरू झाला आणि त्यांनी त्याला मधे टोकलं नाही.

तुकडा संपला. थोरला नातू, चांगला दाढीवाला बाप्या, आजीकडे बघून म्हणाला, "ग्रँडमा, यू वेअर नॉट लाइंग." त्यावर सगळे हसले आणि त्या सर्वांत जास्त हसल्या. मी काय म्हणत होते, काय म्हणत होते, असं प्रत्येकाला वेगवेगळं सुनावून झालं. मग त्या उठल्या, ड्रेस नीट केला आणि मला पहिल्यापासून सगळा अल्बम लावायला सांगितला. तिसऱ्या गाण्याला त्या आणि पलीकडच्या मैत्रीण खुर्च्या मागे सरकवून नाचत होत्या. डॅनलाही ओढलं. त्याला नाचता येत नाही. टोपी काढून नाचला, त्या दिवशी मला कळलं की त्याला चांगले केस आहेत.

निघताना मी टेपचा डबा त्यांच्या हातात दिला. डॅनचं काम झालं होतं आणि तो म्हणाला होता, टेप त्यांच्याचकडे राहू दे. त्यांनी झाकण उघडून वास घेतला.

"याला कसला वास येतोय?"

डॅनने माझ्याकडे पाहिलं. त्याला डिहायड्रेटरचं आजवर सांगितलं नव्हतं. मी दोघांनाही खरं काय ते सांगून टाकलं. डॅन पांढराफटक पडला. मिस व्हर्डेलनी पुन्हा एकदा दीर्घ वास घेतला आणि विचारलं, ही पालेभाजी खायला कशी लागते?

अल्बम ठरल्या वेळी निघाला. कव्हरवर गोल स्टिकर आहे, की हा प्रथमच मूळ वेगात. कलेक्टरांनी पहिले काही दिवस इंटरनेटवर धुमाकूळ घातला. एकाने लिहिलं की यात जान नाही, रिइश्यूवाल्यांनी वाट लावली. डॅन मला रोज ते वाचून दाखवायचा. मग कोणीतरी दोन्ही वेगांतला क्लाइडचा तुकडा एकापाठोपाठ एक लावून ऐकवला आणि वाद हळूहळू विझला. वाट लावली म्हणणाऱ्याने दुसरी प्रत मागवल्याचं डॅन सांगतो. मला तो जरा तिखटमीठ लावून सांगतो असं वाटतं.

कव्हरच्या मागे, बारीक अक्षरांत, सगळ्यांची नावं आहेत. माझं पूर्ण नाव आहे, नील नव्हे. ते मिस व्हर्डेलनी सांगून करून घेतलं. त्याच्या खाली एक ओळ आहे: टेप बेकिंग, श्रीकांत. मंडळाच्या गणपतीत श्रीकांत ती रेकॉर्ड घेऊन फिरत होता आणि लोकांना फक्त मागची बाजू दाखवत होता. मी कधी अल्बमवर येईन असं वाटलं नव्हतं यार, असं तो प्रत्येकाला म्हणाला. भावगीतं म्हणून इतकी वर्षं जे जमलं नाही ते मेथीने जमवलं. आता तो मिस व्हर्डेलना सुकी मेथी पाठवतो. त्या ती कॉलर्ड नावाच्या इकडच्या पालेभाजीत घालतात आणि दर वेळी फोन करून सांगतात की या वेळची जास्त चांगली होती, जे त्याला अर्थातच खरं वाटतं.

धंद्यातल्या नव्या मुलांनी माझ्याकडून काय घ्यायचं ते एवढंच. मशीन दाखवतं तो आकडा खरा असतो, पण तो नक्की कशाचा आहे हे मशीन सांगत नाही. आणि गायिका हयात असेल तर पहिला फोन तिला करायचा आणि कुठल्या पट्टीत गायलात म्हणून विचारायचं. टेप तोवर सुकत ठेवता येते.